मोठ्या हॉलला उंचावरच्या खिडक्या: उजेड आत, झड बाहेर

मंगल कार्यालय, शाळेचे सभागृह, आंब्याची पॅकिंग शेड, काजूचा कारखाना. इमारत कसलीही असो, रुंदी दहा मीटरच्या पुढे गेली की बाजूच्या खिडक्यांचा उजेड मधोमध पोचत नाही. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जेवढी उंची, त्याच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड जातो. खिडकीचे डोके २.१ मीटरवर असेल तर जेमतेम चार मीटर. त्यात आपल्याकडे कोकणात भिंतीबाहेर पडवी असते, ती निम्मा उजेड आधीच खाते. मग भर दुपारी ट्यूबलाइट लावून पंगती उठतात.

यावर उपाय जुनाच आहे: छपराचा मधला भाग उचलायचा आणि खालचे व वरचे छप्पर यांच्यामध्ये जी उभी भिंत तयार होते, तिच्यात खिडक्यांची रांग बसवायची. इजिप्तमध्ये कर्नाकच्या मंदिरातला १३४ खांबांचा मंडप असाच आहे. मधल्या रांगांचे खांब उंच, बाजूचे बुटके आणि उंचीच्या फरकात दगडी जाळ्या. गोव्याकडच्या आणि तळकोकणातल्या कित्येक देवळांच्या सभामंडपावर दोन टप्प्यांचे कौलारू छप्पर दिसते, त्याची घडणही याच जातीची. म्हणजे रचना नवी नाही. अडते ते तिच्या तपशिलात. कोकणात उजेडाला तोटा नाही. खिडकी फसते ती पावसाने आणि खाऱ्या हवेने. त्यामुळे आकडेमोड उजेडाची करावी, पण एकेक सांधा ठरवताना झडीचा विचार आधी करावा.

छपरातच काच का नको

‘एवढा खटाटोप कशाला, कौलांत चार काचेची कौले टाकू’ असे सुतार हमखास सुचवतो. स्वयंपाकघराला दोन काचेची कौले ठीक आहेत, हॉलला नाहीत. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारचा सूर्य तिथे बरोबर डोक्यावर असतो, आणि डिसेंबरातही तो ४९ अंशांच्या खाली जात नाही. आडव्या किंवा कललेल्या काचेवर हे ऊन थेट पडते. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. नेमके तेव्हाच काचेखालच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. उभ्या काचेवर मात्र तोच सूर्य तिरका येतो आणि दोन-अडीच फुटांच्या वळचणीने बराचसा अडतो. शिवाय कललेल्या काचेवर जांभळा-आंब्याचा पाला साचतो, शेवाळ धरते आणि वरून नारळ पडला तर विचारायलाच नको.

दिशा

हॉलची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की खिडक्या उत्तर-दक्षिणेला येतात. हीच मांडणी धरून पुढे जाऊ. पश्चिमेकडे उंचावर एकही काच ठेवू नये: जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो आणि बाकीचे आठ महिने दुपारनंतरचे ऊन तिथूनच येते. जागेमुळे हॉल दक्षिणोत्तर बांधावा लागला तर फक्त पूर्वेच्या बाजूला खिडक्या घ्याव्यात, पश्चिमेचा उतार सलग कौलांचा ठेवावा आणि उजेड कमी मिळणार हे मान्य करावे.

उत्तरेकडून ऊन येत नाही हा समज मात्र काढून टाका. २१ मार्च ते २३ सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. जूनमध्ये हा कोन सुमारे २५ अंश असतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये चारनंतर उत्तरेच्या काचेतून तिरपे ऊन आत येते. खिडकीच्या चौकटीतल्या दर मीटरवरच्या उभ्या पट्टीला बाहेरून १५ ते २० सेंमीची उभी फळी जोडली की बहुतेक काम होते. जूननंतर ढगच असतात.

मापे

उदाहरणाला १२ मीटर रुंद आणि २४ मीटर लांब हॉल घेऊ. मधला गाळा ६ मीटरचा, दोन्ही बाजूंना ३-३ मीटरचे गाळे. मंगलोरी कौले, उतार ३० अंश. बाहेरची भिंत ३.३ मीटर. ३ मीटरच्या गाळ्यात छप्पर १.७ मीटर चढते, म्हणजे खालच्या छपराची वरची कड ५ मीटरवर येते. तिथून ३० ते ३५ सेंमी उंचीचा बांधीव कठडा, त्यावर १.२ मीटर उंच खिडकी. खिडकीचे डोके साधारण ६.५५ मीटरवर.

आता चूक होते ती इथे. वरच्या छपराची वळचण भिंतीबाहेर ७५ सेंमी काढायची ठरते, कागदावर आडवी रेघ मारली जाते, आणि बांधल्यावर खिडक्या अंधारतात. ३० अंशांच्या उताराला ७५ सेंमी बाहेर आलेले छप्पर ४३ सेंमी खाली उतरते. वासे ज्यावर टेकतात तो पाट खिडकीच्या डोक्याला लागूनच ठेवला, तर वळचण खिडकीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शावर पडदा धरते. म्हणून पाट खिडकीच्या डोक्यापासून ७५ सेंमी वर घ्यायचा. मग वळचणीची कड खिडकीच्या डोक्याच्या ३० सेंमी वर राहते. पाट ७.३ मीटरवर, आढे ९ मीटरवर.

खिडकीच्या डोक्यावरचा हा ७५ सेंमीचा पट्टा वाया जात नाही. तो वळचणीच्या आड असल्याने तिथे काचेचा उपयोग नाही, पण झडही पोचत नाही. बांधकाम-पट्टा सोडून उरलेल्यात ३० सेंमी उंचीची कायमची उघडी तिरपी पट्ट्यांची जाळी बसवा. दोन्ही बाजूंना २०-२० मीटर धरले तर १२ चौरस मीटर होतात आणि निम्मे मोकळे धरले तरी ६ चौरस मीटरमधून गरम हवा पावसातसुद्धा निघत राहते. दमट हवेत याची किंमत उजेडाइतकीच आहे.

दक्षिणेला ही वळचण किती ऊन अडवते? साधारण फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुपारचे ऊन पूर्ण बाहेर. डिसेंबरात दुपारी खिडकीच्या खालच्या निम्म्या भागातून ऊन येते आणि पावणेपाच मीटर आत, म्हणजे मधल्या गाळ्यात जमिनीवर पडते. थंडीत ते खुपत नाही, पण व्यासपीठावरच्या माणसाच्या डोळ्यांवर येते. त्यासाठी दक्षिणेला दुधी काच, उत्तरेला साधी.

उजेड किती मिळेल

हिशेब सोपा आहे. काचेचे निव्वळ क्षेत्र, काचेतून पार होणारा हिस्सा आणि काचेच्या मध्यातून दिसणाऱ्या आकाशाचा कोन अंशांत, यांचा गुणाकार करा. खाली हॉलच्या आतल्या सर्व पृष्ठभागांचे एकूण क्षेत्र गुणिले ‘१ वजा परावर्तनाचा वर्ग’. भागाकार येतो तो टक्क्यांत: बाहेरच्या उजेडाच्या सरासरी एवढे टक्के आत.

दोन्ही बाजूंना २० मीटर लांब, १.२ मीटर उंच. चौकटीचे २० टक्के वजा जाता काच ३८.४ चौरस मीटर. साध्या काचेतून ८० टक्के उजेड पार होतो, त्यावर मीठ-धुळीची २० टक्के घट धरून ०.६४. आकाशाचा कोन ५० अंश. आतले पृष्ठभाग सुमारे ९७० चौरस मीटर. छताखाली पांढरे अस्तर आणि भिंती पांढऱ्या असतील तर परावर्तन ०.६. उत्तर २ टक्क्यांच्या आसपास. पावसाळी दुपारी बाहेर १०,००० लक्स (उजेड मोजायचे एकक) असला तर आत २०० लक्स: जेवणावळीला, सभेला भरपूर, वाचनाला चालेल, काजूगराची प्रतवारी करायला अपुरा, तिथे टेबलावर वेगळा दिवा हवाच.

आता यातला एकेक आकडा हलवून बघा. खिडकी १२० ऐवजी ९० सेंमी केली तर १.३ टक्के. ९० सेंमी करून वर वळचणीची कडही डोक्याला टेकवली तर ०.९. उंची पाव हिश्शाने कमी केली आणि उजेड निम्म्याहून खाली आला, कारण काच कमी होतेच, शिवाय वळचणीखालून दिसणारे आकाशही अरुंद होते. खिडकी १२० सेंमीचीच ठेवून छताला अस्तर न लावता कौले आणि काळपट वासे उघडे ठेवले तर १.४. खर्च वाचवायचा असेल तर लांबी कमी करा, उंची नको. आणि वळचणीची खालची बाजू पांढरी रंगवा. दोन डबे रंगात इतका फायदा दुसरा कुठला नाही.

पाणी: खरे काम इथे आहे

कोकणात वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. गळती काचेतून क्वचितच होते. ती होते खालचे छप्पर जिथे उभ्या कठड्याला भिडते तिथे.

गवंडी या सांध्यात सिमेंटचा वाटा (कोपऱ्यातली गोलसर भर) मारतात. कौलांचे छप्पर लाकडाबरोबर हलते, भिंत हलत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात वाट्याला केसाएवढी चीर जाते आणि आषाढात पाणी आत. वाट्याऐवजी दोन भागांची पत्र्याची पट्टी हवी. खालची पट्टी ०.९ मिमी ॲल्युमिनियमची, काटकोनात वाकवलेली: २० सेंमी कठड्यावर चढती, २० सेंमी कौलांवर, कौलांच्या नळ्यांत ठोकून बसवलेली. ही भिंतीला खिळवायची नाही, कौलांबरोबर हलू द्यायची. वरची पट्टी कठड्यात २५ मिमी खोल खाच मारून तिच्यात अडकवायची आणि खालच्या पट्टीवर किमान १० सेंमी उतरवायची. दोन पट्ट्या एकमेकींवर सरकतात, पाणी मात्र मागे जात नाही.

पट्टी २४ मीटर सलग घेऊ नका. ३० अंश तापमान-फरकाला एवढे ॲल्युमिनियम १६-१७ मिमी लांबते आणि मधेच फुगून उठते. दोन-दोन मीटरचे तुकडे, १० सेंमीचा जोड, जोडावर रिव्हेट नको. जोडाचे तोंड पूर्वेकडे ठेवा, म्हणजे पश्चिमेचा वारा पाणी जोडात ढकलणार नाही. ॲल्युमिनियमला ओले सिमेंट खाते, म्हणून भिंतीला लागणाऱ्या बाजूवर आधी डांबरी रंगाचा हात मारा.

कठडा चिऱ्याचा असेल तर बाहेरून गिलावा करून घ्या, निदान या ३५ सेंमीला तरी. उघडा जांभा दिसायला छान, पण तो पाणी पितो आणि पट्टीच्या मागून ओल खाली सोडतो. कठड्याची उंची १५ सेंमी पुरते असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. वरच्या छपराचे पाणी खालच्या कौलांवर आदळून उडते आणि ते उडणारे पाणीच खिडकीच्या उंबऱ्याला भिजवते.

वरच्या वळचणीला पन्हळ लावावी का? वरच्या छपराच्या एका बाजूचे क्षेत्र ९० चौरस मीटर. तासाला १०० मिमीच्या सरीत सेकंदाला अडीच लिटर पाणी येते. १५० मिमीची पन्हळ आणि ११० मिमीचे तीन नळ हे सहज वाहून नेतात, पण पन्हळ मोकळी असली तरच. हॉलवर झाडांची सावली असेल आणि वर चढून पाला काढायला माणूस ठरलेला नसेल, तर पन्हळीपेक्षा पागोळ्याच बऱ्या. मात्र पागोळी जिथे पडते त्या रेषेत, भिंतीपासून ७५ सेंमीवर, खालच्या कौलांवर ४० सेंमी रुंद ॲल्युमिनियमची पट्टी टाका. नाहीतर सततच्या माऱ्याने तिथली कौले सैल होतात.

उंबरा बाहेरच्या बाजूला सहास एक उतार. कड भिंतीच्या ५ सेंमी पुढे, आणि कडेपासून ३ सेंमी आत खालच्या अंगाला १२ मिमीची पाणी तोडणारी खाच. ती नसेल तर पाणी उंबऱ्याच्या पोटाला चिकटून भिंतीत परत येते. आतल्या बाजूला आणि दोन्ही टोकांना २५ मिमीची उभी कड. टोकांची कड सगळेच विसरतात, आणि आतल्या गिलाव्यावर तपकिरी ओघळ दिसतो तो नेमका टोकांखाली.

चौकट, काच, स्क्रू

खाऱ्या हवेत लोखंडी चौकट टिकत नाही, गॅल्व्हनाइज्ड केली तरी वेल्डिंगच्या जागी फुगते. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत ॲल्युमिनियमला २५ मायक्रॉनचे ॲनोडायझिंग किंवा चांगले पावडर कोटिंग घ्या, आणि कापलेली टोके झाकल्याशिवाय बसवू देऊ नका. पांढरी भुकटी तिथूनच धरते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे ३१६ प्रतीचे. ३०४ वर तांबूस डाग पडतात. जस्ताचा मुलामा दिलेला स्वस्त स्क्रू दोन-तीन पावसाळ्यांत डोके टाकतो, आणि सहा मीटर उंचीवर एक स्क्रू बदलायला परांची बांधावी लागते, तिथे वाचवलेले पैसे जातात.

लोकांच्या डोक्यावरची काच लॅमिनेटेड असावी: ५ अधिक ५ मिमी, मध्ये पडदा. टफन्ड काच मजबूत खरी, पण ती क्वचित आपोआपही फुटते आणि तिचे खडे खाली बसलेल्यांवर येतात. लॅमिनेटेड तडकली तरी चौकटीत राहते. एक मीटर बाय १.२ मीटरची अशी काच ३० किलोची होते. शिडीवरून चढवायचा विचारही नको. तिचा शत्रू एकच, कडेला साचणारे पाणी. पडद्यात पाणी शिरले की कडा दुधाळ होत आत सरकतात. म्हणून काच चौकटीच्या खाचेत टेकता कामा नये. दोन रबरी ठोकळ्यांवर, दोन्ही टोकांपासून पाव अंतरावर, ६ मिमी उचलून ठेवायची. चौकटीच्या तळाला दर ६० सेंमीवर ५ बाय २५ मिमीची निचऱ्याची भोके. कुंभारीण माशी ही भोके मातीने बुजवते, तेव्हा भोकावर टोपण असलेली चौकट मागा.

चौकट आणि भिंतीमध्ये ८ ते १० मिमी फट सोडा, फोमची दोरी दाबा, वर सिलिकॉन. न्यूट्रल क्युअर लिहिलेलेच घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते धातूला खाते आणि सिमेंटवर धरत नाही. पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा) स्वस्त आणि हलके आहे, कारखान्याच्या शेडला चालते, पण पोकळ पत्र्याच्या नळ्यांत शेवाळ शिरते आणि मग ते काढता येत नाही. वरची टोके ॲल्युमिनियम टेपने बंद, खालची सच्छिद्र टेपने, अतिनील थराची बाजू बाहेर आणि पसरायला मीटरमागे ३ मिमी जागा.

दर चौथी खिडकी उघडती ठेवा. बिजागरी वर, उघडणार बाहेर: पावसातही छत्रीसारखी काम करते. काचेच्या आडव्या पट्ट्यांची लुव्हर खिडकी इथे नकोच, झड थेट आत येते. जमिनीवरून फिरवायचा गिअर आणि दांडा लावा. दोरीने ओढायच्या खिडक्या एक तर उघड्या राहतात किंवा बंद. आतून १२ मिमीची ३१६ जाळी, नाहीतर कबुतरे आणि वटवाघळे वस्तीला येतात.

वारा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आले तेव्हा कौले-पत्रे किती सहज उडतात हे रायगड-दापोलीने पाहिले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले. सेकंदाला ४४ मीटर वाऱ्याचा मूळ दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो वजनाएवढा होतो. कोपऱ्यांवर आणि वळचणीखाली तो वाढतो. ७५ सेंमीची वळचण वारा खालून उचलतो, म्हणून प्रत्येक वासा पाटाला पट्टीने आणि पाट बांधकामाला बोल्टने बांधलेला हवा. नुसते खिळे नकोत. खिडक्यांच्या रांगेत दर ४ मीटरला कॉंक्रीटचा खांब घ्या, सळईवर किमान ४५ मिमी आवरण. वादळाचा इशारा आला की सगळ्या उघडत्या खिडक्या बंद: वाऱ्याच्या बाजूची एक जरी उघडी राहिली तरी आत दाब भरतो आणि छप्पर आतून ढकलले जाते. या भागाची गणिते इंजिनिअरकडूनच करून घ्यावीत.

चाचणी आणि देखभाल

परांची उतरवण्याआधी पाण्याची चाचणी करा, आणि ती मिरगाच्या निदान तीन आठवडे आधी, दुरुस्तीला वेळ राहील अशी. पाइपने आधी फक्त खालची पट्टी दहा मिनिटे, मग उंबरा, मग चौकटीच्या बाजू, शेवटी डोके. खालून वर जायचे, आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि गळती कुठली ते कळतच नाही.

खोल वळचणीचा एक तोटा: या काचा पावसाने धुतल्या जात नाहीत. मीठ आणि धूळ यांचा थर बसतो आणि वर हिशेबात धरलेली २० टक्के घट पुढे जाते. ऑक्टोबरच्या शेवटी आणि फेब्रुवारीत गोड्या पाण्याने धुवा, मग मऊ फडके. कोरडे पुसले तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. त्यासाठी बाहेरच्या बाजूने खालच्या छपरावर, कठड्यालगत, ६० सेंमी रुंदीची फळ्यांची चालवाट आणि पट्टा अडकवायला ३१६ स्टीलचे कडे बांधतानाच ठेवा. कौलांवर पाय देऊन गेलेला माणूस काच स्वच्छ करतो आणि दहा कौले फोडून येतो. आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या) कामांच्या यादीत चार गोष्टी घाला: निचऱ्याची भोके तारेने मोकळी करणे, पट्टीच्या खाचेतला सिलिकॉन बघणे, गिअरला ग्रीस आणि माकडांनी सरकवलेली कौले जागेवर बसवणे.